न वाचलेला निरोप: टेक, दुवे आणि मराठी पान

नवी मुंबईत खारघर स्थानकासमोर सी-डॅकचे केंद्र आहे. २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन होईपर्यंत या केंद्रामागच्या मूळ संस्थेचे नाव एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, असे होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून १९८५ साली ती वेगळी निघाली. त्याच परंपरेतले पीयूष घोष यांनी १९८३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात भारतीय लिप्यांची अक्षरे आणि त्यांची जुळणी यांवर एक अहवाल लिहिला. पुढे सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी एनसीएसटीत आले. विंडोज २००० पासून घरोघरच्या संगणकांवर दिसू लागलेला ‘मंगल’ हा फाँट त्यांचाच.

घोष यांचा अहवाल ज्या स्टॅनफर्डमधून निघाला, तिथेच डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ साली टेक हा अक्षरजुळणीचा प्रोग्राम तयार केला होता. आज टेकवर उभ्या असलेल्या लाटेकमध्ये केलेला मराठी प्रबंध उघडावा, अनुक्रमणिकेतल्या प्रकरणावर टिचकी मारावी, की नेमके ते पान समोर येते. आकृत्यांमधली नावेही मजकुराच्याच वळणाची. हे सारे टेकला ठाऊक असणार, असे कुणालाही वाटेल. पण क्नूथ यांनी १९९० मध्ये टेकमध्ये नवी भर घालणे थांबवले आणि पीडीएफ आली १९९३ मध्ये. दुवा म्हणजे काय, हे त्या मूळ प्रोग्रामला कधी कळलेच नाही.

टेकला कळतात त्या फक्त चौकटी. प्रत्येक अक्षराची रुंदी, उंची आणि रेषेखालची खोली त्याला माहीत असते. चौकटींच्या ओळी होतात, ओळींची पाने. त्याच्याकडे ‘स्पेशल’ नावाची एक आज्ञा मात्र आहे. तिच्यात लिहिलेल्या निरोपाचा अर्थ टेक लावत नाही. पानावरच्या त्या जागी तो नोंदवून, पाने कागदावर किंवा पीडीएफमध्ये उतरवणाऱ्या पुढच्या प्रोग्रामकडे जसाच्या तसा धाडतो, पाकीट न फोडता पोचवणाऱ्या पोस्टमनसारखा.

चित्रे याच वाटेने पानावर येतात. चित्राची रुंदी-उंची तेवढी घ्यायची, त्या मापाची कोरी जागा सोडायची आणि फाइलचे नाव निरोपात लिहायचे. चित्र प्रत्यक्ष बसवतो तो पुढचा प्रोग्राम. टिल टांटाऊ यांच्या टिकझेड या आकृत्या काढण्याच्या पॅकेजमध्ये रेघा, वर्तुळे आणि बाणसुद्धा निरोपांतूनच जातात, पण आकृतीतली नावे टेक स्वतः जुळवतो. म्हणून तिथली जोडाक्षरे मजकुरातल्या जोडाक्षरांसारखीच उमटतात.

दुव्यांसाठी १९९०च्या दशकात सेबास्टियन राट्झ यांनी हायपररेफ हे पॅकेज लिहिले. दुवा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, एवढे दोन निरोप पुरतात. पीडीएफच्या लेखी दुवा म्हणजे पानावरचा एक आयत, चार आकड्यांत सांगितलेला. हे आकडे काढताना दोन मोजपट्ट्यांचा मेळ घालावा लागतो. टेकचे पॉइंट इंचाला ७२.२७ आणि पीडीएफचे ७२. टेक वरून खाली मोजत जातो, पीडीएफ डाव्या खालच्या कोपऱ्यापासून. दुवा ओळीच्या शेवटी तुटला तर एका आयताचे दोन करावे लागतात. पीडीएफआधी पोस्टस्क्रिप्ट फाइल करण्याच्या जुन्या मार्गाने हे साधत नसे, त्यामुळे लांबलचक वेबपत्ते समासाबाहेर डोकावत. चेक प्रजासत्ताकातल्या बर्नोमध्ये हान थे थान्ह यांनी पीडीएफटेक केला, त्यात टेक आणि पुढचा प्रोग्राम एकत्र आले आणि आयत आपोआप तुटू लागले.

मराठीचे काम तेवढ्याने भागणार नव्हते. नेदरलँड्समधल्या फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये देवनागरीची सोय केली ती रोमन लिपीत टंकून. युनिकोडमधली देवनागरी सरळ घेणारा झीटेक जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये आणला. झीटेक जोडाक्षरे नीट जुळवतो आणि दुवे, चित्रे मात्र पुन्हा जुन्याच पद्धतीने निरोपांतून पुढे पाठवतो.

मराठी पीडीएफमधली एक विसंगती इथे उलगडते. दुवा अचूक चालतो, पण त्याच पानावर ‘शिक्षण’ शोधायला जावे तर कधी काहीच हाती लागत नाही. दुव्याला आयत पुरतो, लिपी कुठलीही असो. शोधाला अक्षरे लागतात आणि पीडीएफच्या पानावर असतात अक्षरांच्या आकृत्या: पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढलेली, ‘क्ष’ एकसंध. आकृतीवरून मूळ अक्षराकडे परतण्याची वाट फाइलमध्ये नसेल, तर शोध अडतो. बाजूच्या पट्टीत दिसणारी प्रकरणांची नावे युनिकोडमध्येच साठवलेली असतात, म्हणून ती शाबूत राहतात. पानावरच्या मजकुरामागे मूळ अक्षरे ठेवण्याची सोय झीटेकमध्येही आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते.

स्वतःला न कळणारी गोष्ट इमानाने पुढे पाठवल्यामुळे टेक आपल्यानंतर जन्मलेल्या तंत्रांनाही पुरून उरला. मूळ अक्षरेसुद्धा तशीच पाठवता येतात, कुणी तरी ती निरोपात घालायला हवीत. मराठी प्रबंध किंवा अहवाल पीडीएफमध्ये स्वीकारणाऱ्या विद्यापीठांनी आणि कार्यालयांनी म्हणूनच दोन चाचण्या घ्याव्यात. अनुक्रमणिकेवर टिचकी मारून पाहावी आणि एक जोडाक्षरी शब्द शोधून पाहावा. पहिलीत बहुतेक फाइली उत्तीर्ण होतील. दुसरीत नापास होणारी फाइल परत पाठवावी.