गिअर अडतो, पण दोष कुठे?

गिअर पडत नाही तेव्हा आपला हात गिअरच्या दांड्यावर असतो, त्यामुळे संशयही थेट गिअरबॉक्सवर जातो. त्यात गॅरेजवाला ‘बॉक्स खोलावा लागेल’ म्हणाला की मालकाच्या पोटात गोळा येतो. खरं तर अडणाऱ्या गिअरचं मूळ बऱ्याचदा बॉक्सबाहेर, क्लचमध्ये असतं. आधी क्लच तपासायचा, बॉक्सचा नंबर त्यानंतर.

त्यासाठी पाना-पकड काही लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढा. इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि सगळे गिअर एकेक करून टाकून पाहा. मग इंजिन सुरू करून, क्लच पूर्ण दाबून तेच पुन्हा करा. बंद इंजिनावर अलगद पडणारे गिअर चालू इंजिनावर अडत असतील तर क्लच नीट सुटत नाही. पेडल तळाला टेकलं तरी क्लचप्लेट फ्लायव्हीलला घासत राहते, बॉक्समधला शाफ्ट फिरत राहतो आणि फिरत्या शाफ्टवर गिअर बसायला तयार नसतो. क्लच केबलचा असेल तर केबल ढिली पडलेली असते. हायड्रॉलिक असेल तर ऑइल गळतं किंवा लाइनमध्ये हवा शिरलेली असते. पेडल दोन-तीनदा भराभर दाबल्यावर गिअर पडू लागला, तर संशय हायड्रॉलिकवरच घ्यावा.

बंद इंजिनावरही दांडा अडला तर गाडी हाताने किंचित पुढे-मागे ढकलून पुन्हा पाहा; कधीकधी दातावर दात येऊन नुसताच अडथळा होतो. तरीही अडला तर दांड्यापासून बॉक्सपर्यंत जाणाऱ्या केबल आणि बुश आधी पाहायला सांगा. हे काम तुलनेने स्वस्तात होतं, आणि बहुधा म्हणूनच ते कुणी आपणहून सुचवत नाही.

रिव्हर्सची ‘कर्र’ वेगळी. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो. क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबा, आतला शाफ्ट थंडावू द्या, मग टाका. एवढं थांबूनही कर्र झालीच तर गाडं पुन्हा क्लचपाशी येतं.

सिंक्रोनायझर ही कॅडिलॅकने 1928 मध्ये बाजारात आणलेली सोय. बहुतेक वेळा पितळेची असणारी ही कडी गिअरच्या शंकूवर घासून दोघांचा वेग जुळवते, आणि मगच दात एकमेकांत बसतात. त्याआधी वेग जुळवणं चालकाच्या पायावर होतं. जुन्या ट्रकचे चालक खालचा गिअर टाकताना क्लच दोनदा दाबत, मध्ये न्यूट्रलला किंचित रेस देत. ही युक्ती आज निदानाला उपयोगी पडते. चालत्या गाडीत एकच गिअर, समजा दुसरा, खरखरतो आणि बाकीचे गुपचूप पडतात, तर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना मोकळ्या रस्त्यावर हा डबल क्लच करून पाहा. खरखर गेली तर त्या गिअरची कडी झिजली आहे. इथे मात्र बॉक्स खोलणं आलंच.

कानानेही बरंच कळतं. न्यूट्रलमध्ये, पाय क्लचवरून काढलेला असताना घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर बॉक्समधल्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. उलट, दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग गेलेलं असतं. सिग्नलला क्लच दाबून उभं राहणाऱ्यांकडे ते लवकर जातं.

खंबाटकीच्या चढावर इंजिनाची रेस वाढते, गाडी मात्र तिथेच रेंगाळते, जळका वास येतो, ही क्लचप्लेट घसरत असल्याची खूण. यात गिअरबॉक्सचा काही संबंध नाही. ऍक्सिलरेटर सोडताच गिअर आपोआप न्यूट्रलला सुटत असेल तर आधी इंजिनाचं माउंटिंग आणि दांड्याची जोडणी तपासावी. आतले दात झिजल्याचा निष्कर्ष त्यानंतर.

ऑइलकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात. त्याची पातळी आणि ग्रेड, दोन्ही पाहायला हवं. जीएल-4 सांगितलेल्या बॉक्समध्ये ‘जास्त चांगलं’ म्हणून जीएल-5 ओतलं, तर त्यातली काही रसायनं पितळेच्या कड्यांना मारक ठरू शकतात. ऑइल काढताना ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर तो बघायला मागा. करडा, मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर बॉक्सचं दुखणं खरं.

आणि क्लचप्लेटसाठी बॉक्स खाली उतरवावाच लागला, तर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही त्याच वेळी बदलून घ्या. मजुरीचा मोठा भाग बॉक्स उतरवण्या-चढवण्याचाच असतो, आणि तसं केलं नाही तर पाचसहा महिन्यांनी एका बेअरिंगसाठी ती पुन्हा मोजावी लागते.