माळावरची वीज आणि ग्रामसभेपुढचे प्रश्न

नंदुरबार जिल्ह्याच्या दक्षिणेला लागून असलेल्या साक्री तालुक्यात, शिवाजीनगर येथे, 'महानिर्मिती'चा १२५ मेगावॉट क्षमतेचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये कार्यान्वित झाला. आग्नेयेला, शिंदखेडा तालुक्यात विखरण हे गाव आहे. तेथील वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांची पाच एकर जमीन वीजप्रकल्पासाठी संपादित झाली होती. शेजारच्या जमिनीला कितीतरी अधिक मोबदला मिळाला आणि आपल्याला जेमतेम चार लाख रुपये, ही त्यांची तक्रार होती. दाद मिळेना म्हणून २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात विष प्राशन केले आणि २८ जानेवारीला मुंबईत त्यांचे निधन झाले. सौरऊर्जा स्वच्छ असते, याबद्दल वाद नाही. मात्र ती ज्या जमिनीवर उभी राहते त्या जमिनीचा व्यवहारही तितकाच स्वच्छ असतो काय, हा प्रश्न खानदेशाला या घटनेने कायमचा विचारून ठेवला आहे.

नंदुरबारमध्ये तो अधिक टोकदार होतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, २०११च्या जनगणनेनुसार, सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे चार तालुके पूर्णतः, तर नंदुरबार आणि शहादा अंशतः घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात येतात. विकासासाठी जमीन देण्याचा अनुभवही येथे नवा नाही. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातील जी ३३ गावे आली, ती सारी अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतलीच होती. त्यामुळे माळरानावर मोजणीची माणसे दिसू लागली, की गावात प्रश्न उठणे साहजिकच आहे. त्यातील काही प्रश्न निराधार भीतीतून येतात. काही मात्र करारावर सही होण्यापूर्वीच विचारायला हवेत.

उष्णता वाढेल काय, पाऊस जाईल काय?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. पॅनेलवर पडणाऱ्या उन्हापैकी साधारण पाचव्या हिश्श्याची वीज होते, थोडे ऊन परावर्तित होते आणि उरलेल्याची उष्णता होते. काळसर पृष्ठभागामुळे प्रकल्पाच्या आतील हवा काहीशी तापते, हे खरे आहे. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना येथील, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रकल्पाच्या आतील रात्रीचे तापमान लगतच्या वाळवंटापेक्षा ३ ते ४ अंश सेल्सिअसने अधिक आढळले होते. परंतु कुंपणापासून दूर जाऊ तसतसा हा परिणाम झपाट्याने ओसरतो. काही शे एकरांच्या प्रकल्पामुळे परिसरातला पाऊस कमी होतो, असा पुरावा नाही. खानदेशातला पाऊस ठरतो तो शेकडो किलोमीटर पसरलेल्या मोसमी वाऱ्यांच्या प्रवाहावर.

पॅनेलमधून घातक किरणे बाहेर पडतात, हा समजही निराधार आहे. पॅनेल प्रकाश घेते. किरणोत्सर्ग करीत नाही. धोका आहे तो विजेचा. ऊन असेपर्यंत पॅनेलमधील वीज बंद करता येत नाही, म्हणून तुटलेली वायर किंवा फुटलेले पॅनेल हाताळणे जिवावर बेतू शकते. कुंपण भक्कम असणे आणि गावातील मुलांना, गुराख्यांना याची कल्पना देणे म्हणूनच आवश्यक ठरते.

पाणी किती लागते?

वीज तयार करण्यासाठी पाणी लागत नाही. धूळ धुण्यासाठी लागते. एका मेगावॉटला ५०० वॉटची २००० पॅनेल लागतात. एका पॅनेलला दोन लिटर पाणी धरले, तर एका धुलाईस चार हजार लिटर होतात. ५० मेगावॉटच्या प्रकल्पात हा आकडा दोन लाख लिटरवर जातो. महिन्यातून दोनदा धुलाई केली, तर दहा हजार लिटरचे ४० टँकर झाले. पावसाळ्यात याचे काही वाटणार नाही. पण मार्च ते जून या काळात जेथे विहिरी तळ गाठतात, तेथे ४० टँकर ही लहान गोष्ट नव्हे. कोरड्या ब्रशने धूळ झाडणारी यंत्रे आता उपलब्ध आहेत. पाणी कोठून आणणार आणि उन्हाळ्यात कोरडी सफाई करणार की नाही, हे आधीच लेखी घेता येते.

जमीन किती जाते, भाडे किती मिळते?

एका मेगावॉटसाठी साधारण चार ते पाच एकर सपाट जागा लागते. म्हणजे ५० मेगावॉटसाठी दोनशे ते अडीचशे एकर. राज्य शासनाच्या 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०' मध्ये २०२३ साली खासगी जमिनीसाठी हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यावर दरवर्षी तीन टक्के सरळ वाढ निश्चित करण्यात आली. एकरी हिशेबाने हे सुमारे ५० हजार होतात. कोरडवाहू, मुरमाड जमिनीतून एवढे निव्वळ उत्पन्न क्वचितच निघते. तापीकाठच्या केळी-पपईच्या बागायतीला मात्र हे गणित लागू पडत नाही.

येथे 'सरळ वाढ' या दोन शब्दांकडे लक्ष द्यावे लागते. सव्वा लाखावर दरवर्षी ३७५० रुपये वाढले, तर पंचविसाव्या वर्षी भाडे होते दोन लाख १५ हजार. महागाई दरसाल पाच टक्के धरली, तर आजच्या सव्वा लाखाची खरेदीशक्ती टिकवण्यासाठी तेव्हा चार लाखांहून अधिक रुपये लागतील. भाड्याचा आकडा वाढत जाईल. त्याची किंमत मात्र निम्म्यावर येईल. कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात, पावगडा येथे, सुमारे १३ हजार एकरांवर २०५० मेगावॉटचे सौर उद्यान जमिनी विकत न घेता भाड्याने घेऊन उभे राहिले. तेथे एकरी २१ हजार रुपये आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ असा करार झाला. दुष्काळी जमीनमालकांना हमखास उत्पन्न मिळाले. परंतु ज्यांना जमीनच नव्हती, त्या शेतमजुरांचे काम गेले आणि भाड्यात त्यांना वाटा नव्हता.

नंदुरबारमध्ये ऊसतोडीसाठी आणि मजुरीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांची संख्या मोठी आहे. त्यांच्या दृष्टीने हा मुद्दा भाड्याच्या दराहून मोठा ठरतो. प्रकल्पाची उभारणी सुरू असताना खड्डे खणणे, सांगाडे उभारणे, वाहतूक यांत शेकडो हातांना काम मिळते. उभारणी संपल्यावर मात्र पहारा, गवतकापणी, धुलाई एवढेच उरते. रोजगाराचे आश्वासन देणाऱ्यास 'किती वर्षे?' हे विचारलेच पाहिजे.

वीज गावाला मिळेल काय?

हे प्रकल्पाच्या प्रकारावर अवलंबून आहे. मोठ्या सौर उद्यानातील वीज उच्चदाब वाहिन्यांवरून दूरच्या ग्राहकांकडे जाते. शेजारच्या गावाचे भारनियमन त्यामुळे थांबेलच असे नाही. सौर कृषी वाहिनी योजनेचे सूत्र वेगळे आहे. त्यात अर्ध्या ते २५ मेगावॉटचे प्रकल्प स्थानिक उपकेंद्राला जोडून शेतीपंपांना दिवसा वीज द्यावयाची आहे. रात्री-अपरात्री पाणी भरताना साप-विंचवाचे आणि बिबट्याचे भय ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना दिवसाच्या विजेचे मोल सांगावे लागत नाही. ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत असा प्रकल्प होतो, त्यांना तीन वर्षे दरसाल पाच लाख रुपये अनुदानाची तरतूदही योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात आहे. गावात येणारा प्रकल्प या दोहोंपैकी कोणता, हा म्हणून पहिला प्रश्न असावा.

गायरान 'पडीक' असते काय?

महसुली कागदावर पडीक दिसणारा माळ गावाच्या लेखी पडीक नसतो. शेळ्या, गुरे, सरपण, मोह आणि चारोळीची झाडे, शेजारच्या पाड्यावर जाणारी पायवाट हे सारे तेथेच असते. गायरानावर कुंपण पडले की ज्याच्याकडे सातबारा आहे त्याचे काही जात नाही; ज्याच्याकडे चार शेळ्यांखेरीज काही नाही त्याचे सर्व जाते. पॅनेलखाली वाढणारे गवत शेळ्या-मेंढ्यांना चारण्याची किंवा कापून नेण्याची मुभा देणे अशक्य नाही. परदेशात अनेक प्रकल्पांत मेंढ्या चारल्या जातात. पण हा हक्क म्हणून लिहून घ्यावा लागतो.

सही कोणाची चालते?

कायदा येथे स्पष्ट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासींची जमीन बिगर आदिवासीला विकणे तर दूरच, भाड्याने द्यावयाची असली तरी पूर्वपरवानगी लागते. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यास जिल्हाधिकाऱ्यांची, त्याहून दीर्घ मुदतीसाठी राज्य शासनाच्या मान्यतेसह. अनुसूचित क्षेत्रात त्याआधी ग्रामसभेची मंजुरी घेण्याची अट २०१६ पासून आहे. वनहक्क कायद्याखाली मिळालेली जमीन वारसाने पुढे जाते, पण ती हस्तांतरित करता येत नाही. २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी आदिवासींना जमीन थेट खासगी व्यक्तींना भाड्याने देता यावी, असा निर्णय जाहीर केल्यानंतर आदिवासी संघटनांनी विरोध केला, तो हे संरक्षण सैल होईल या भीतीने.

या संरक्षणाला आणखी एका कारणाने महत्त्व आहे. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६च्या अधिसूचनेखाली सौर प्रकल्पांना पूर्वमंजुरी लागत नाही. औष्णिक प्रकल्पाआधी होणारी जनसुनावणी येथे होतच नाही. म्हणजे गावाने चारचौघांत प्रश्न विचारावेत आणि त्याची नोंद व्हावी, असे ठिकाण एकच उरते, ते म्हणजे ग्रामसभा. 'पेसा' कायदा १९९६चा, महाराष्ट्राचे त्याखालील नियम २०१४चे. परंतु ज्या सभेत इंग्रजी मसुद्याचा सारांश घाईने मराठीत सांगून अंगठे घेतले जातात, ती कागदावरच ग्रामसभा असते. करार भिली, पावरी, मावची बोलणाऱ्यांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवला जावा आणि स्त्रियांसमोर वाचला जावा, ही अपेक्षा अवास्तव नाही.

पंचवीस वर्षांनंतर काय?

पॅनेलचे आयुष्य साधारण २५ वर्षांचे. त्याचे बहुतांश वजन काच आणि अ‍ॅल्युमिनियमचे असते, ते पुन्हा वापरता येते. काही प्रकारांत शिसे किंवा कॅडमियमसारखे घातक धातू अल्प प्रमाणात असतात. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ मध्ये सौर पॅनेलचा समावेश झाला आहे. जमिनीत रोवलेले खांब, सिमेंटचे पाये आणि गाडलेल्या वायरी काढून जमीन पूर्ववत कोण करणार, त्याचा खर्च कोण देणार आणि कंपनी मध्येच दुसऱ्याला विकली गेली तर जबाबदारी कोणावर, याची उत्तरे मात्र करारातच असावी लागतात. त्यासाठी आरंभीच अनामत रक्कम ठेवून घेणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

आज करारावर सही करणाऱ्याचा मुलगा तेव्हा त्याच्या वयाचा झालेला असेल. जमीन परत त्याच्या हाती येईल ती कसण्याजोगी असेल की खांबांच्या थुटक्यांनी भरलेली, हे कराराच्या शेवटच्या पानावर ठरते. ते पान सहीपूर्वी ग्रामसभेत मोठ्याने वाचले गेले, तर विखरणची पुनरावृत्ती टळण्याची आशा ठेवता येईल.