काचपेटीतील मासे आणि उन्हाळा

नदीतील मासा उन्हाळ्यात वरचे तापलेले पाणी सोडून डोहाच्या तळाशी जातो. तेथे पाणी थंड असते. घरातील काचपेटीत राहणाऱ्या माशाला असा डोह नसतो. पाणी तापले, तरी त्याला त्यातच राहावे लागते. म्हणून उन्हाळ्यात त्याचे रक्षण करणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

माशाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याबरोबर चढते व उतरते. पाणी तापले की त्याच्या शरीरातील क्रिया जलद चालू लागतात आणि त्याला अधिक प्राणवायू लागतो. परंतु नेमक्या याच वेळी पाण्यातील प्राणवायू कमी होतो. 20 अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लीटर गोड्या पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहू शकतो. 30 अंशांवर तो सुमारे 7.5 मिलिग्रॅमच राहतो. अशा वेळी मासे पृष्ठभागाशी येऊन भराभर तोंडे उघडू-मिटू लागतात. ते खाद्य मागत आहेत, असा पाहणाऱ्याचा समज होतो. वास्तविक ते गुदमरत असतात.

ही स्थिती पाहून कोणी घाईने पेटीत बर्फ टाकतात. हा उपाय घातक होय. तापमान एकाएकी उतरले, तर आधीच थकलेले मासे दगावण्याचा संभव असतो. थंडावा हळूहळू आला पाहिजे.

असा थंडावा कसा आणावा, हे घरातील माठ शिकवतो. माठातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती जाताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाण्याची अशी वाफ होताना सुमारे 580 कॅलरी उष्णता खर्च होते. काचेतून पाणी पाझरत नाही. म्हणून पेटीचे झाकण काढून, मासे बाहेर उडू नयेत यासाठी वर जाळी बसवावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा. विजेचा पंखा पाण्यापासून सुरक्षित अंतरावर असावा व तो वडील माणसांकडूनच बसवून घ्यावा. विदर्भातील कोरड्या हवेत या उपायाने पाणी चांगले निवते. कोकणातील दमट हवेत त्याचा गुण कमी येतो.

वाफेबरोबर केवळ पाणी जाते, त्यातील क्षार मागे राहतात. म्हणून घटलेले पाणी रोज थोडेथोडे भरावे. नळाचे पाणी आदल्या दिवशी उघड्या भांड्यात काढून ठेवल्यास त्यातील क्लोरीन बरेचसे उडून जाते. पेटी उन्हाच्या तिरिपेपासून दूर ठेवावी व तिच्यावरील दिवा थोडाच वेळ लावावा. खाद्यही बेताचेच घालावे. कारण उरलेले खाद्य कुजते आणि पाण्यातील प्राणवायू आणखी घटतो. पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा लहान पंप चालू ठेवल्यास पृष्ठभाग ढवळला जाऊन हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळतो.

मासा तहान-भूक बोलून दाखवू शकत नाही. पेटीत तापमापक लावून तो दुपारी एकदा पाहण्याची सवय ज्या घरात असते, तेथील माशांना उन्हाळा सुखाचा जातो.