राज्याचा कायदा पाहूनच व्यवसायाचे दस्त करावेत

जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल व चोपडा हे तालुके केळीसाठी प्रसिद्ध आहेत. केवळ केळी विकण्यावर न थांबता वेफर्स तयार करणे, गाळा घेऊन विक्री करणे असे लहान व्यवसाय शेतकरी कुटुंबे करू लागली आहेत. धुळे जिल्ह्यातही तेलघाणा, डाळ भरडणे, दूध संकलन असे उद्योग दोघेचौघे मिळून चालवितात. अशा वेळी भागीदारीपत्र, गाळ्याचा करार, दुकानाची नोंद इत्यादी कागद करावे लागतात. हे कागद आता घरबसल्या ऑनलाइन करता येतात. परंतु संगणकावर सापडलेला कोणताही नमुना आपल्या उपयोगाचा असतोच असे नाही.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, व्यवसायाचे कागद दोन प्रकारचे असतात. काही केंद्र शासनाचे असून ते सर्व देशात एकच आहेत. लघुउद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी व खाद्यपदार्थांचा अन्न परवाना हे या प्रकारात मोडतात. उद्यम नोंदणी दिनांक 1 जुलै 2020 पासून सुरू असून तिला शासनाची कोणतीही फी नाही. दुसऱ्या प्रकारच्या कागदांचे नियम राज्यागणिक निराळे असतात. मुद्रांक शुल्क, भाडेकरार व दुकानाची नोंद यांचा त्यात समावेश होतो. चूक होते ती बहुधा या दुसऱ्या प्रकारात.

खानदेशात ही चूक होण्यास विशेष कारण आहे. रावेरहून बऱ्हाणपूर व शिरपूरहून सेंधवा जवळ; परंतु ही दोन्ही गावे मध्य प्रदेशात आहेत. तेथील टंकलेखकाकडून तयार नमुना आणणे सोपे वाटते. मात्र तेथे भाड्यासाठी 1961 चा मध्य प्रदेशाचा कायदा आहे, तर आपल्याकडे 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. मुद्रांकासाठी महाराष्ट्रात 1958 चा स्वतंत्र अधिनियम आहे. त्यानुसार दस्तावर सही करण्यापूर्वी, सही करताना किंवा फार तर पुढील कामकाजाच्या दिवशी पुरेसे शुल्क भरलेले असावे लागते. दस्त दुसऱ्या राज्यात केला, पण मालमत्ता किंवा काम महाराष्ट्रातील असले, तर तो येथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत शुल्कातील फरक भरावा लागतो.

शुल्क अपुरे असल्यास काय होते? असा दस्त न्यायालयात पुरावा म्हणून दाखल करून घेतला जात नाही. तो ग्राह्य व्हावा म्हणून कमी पडलेले शुल्क आणि त्यावर दरमहा 2 टक्के दराने दंड भरावा लागतो. म्हणजे सर्व काही सुरळीत असेपर्यंत उणीव दिसत नाही. भागीदारांत तंटा झाला किंवा पैसा बुडू लागला की मगच ती उघड होते. ऑक्टोबर 2024 मध्ये अनेक दस्तांचे 100 रुपयांचे शुल्क 500 रुपये करण्यात आले. यास्तव जुना दस्त पाहून नवा लिहिणेही धोक्याचे आहे.

गाळ्याच्या कराराचे उदाहरण घेऊ. समजा, तिघा शेतकऱ्यांनी जळगाव शहरात वेफर्स विक्रीसाठी गाळा 24 महिन्यांकरिता लिव्ह अँड लायसन्स तत्त्वावर घेतला. भाडे दरमहा 8,000 रुपये व परत मिळणारी अनामत 40,000 रुपये. दोन वर्षांचे भाडे 1,92,000 रुपये होते. अनामतीवर दरसाल 10 टक्के प्रमाणे व्याज धरावयाचे, ते 8,000 रुपये. एकूण 2,00,000 रुपयांवर 0.25 टक्के प्रमाणे मुद्रांक शुल्क 500 रुपये येते. शहरी भागात नोंदणी फी 1,000 रुपये असते.

भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे हा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी गाळामालकावर आहे. करार नोंदविलेला नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर हा करार आधार क्रमांक व अंगठ्याचा ठसा यांच्या साहाय्याने नोंदविता येतो. दुय्यम निबंधक कार्यालयात जाण्याचे कारण पडत नाही.

भागीदारीचा कायदा 1932 चा असून तो केंद्राचा आहे. परंतु भागीदारी संस्थेची नोंदणी राज्याच्या निबंधकाकडे होते. ती सक्तीची नाही, म्हणून पुष्कळ जण टाळतात. मात्र कलम 69 नुसार नोंदणी नसलेल्या संस्थेला करारापोटीचे येणे वसूल करण्यासाठी दावा लावता येत नाही. उधारीवर माल नेणाऱ्या व्यापाऱ्याने पैसे थकविले तर अशी संस्था हात चोळीत बसते. दावा दाखल करण्यापूर्वीच नोंदणी झालेली असली पाहिजे.

दुकानाच्या नोंदीसाठी 2017 चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम लागू आहे. ठरलेल्या संख्येपेक्षा कमी कामगार असणाऱ्यांनी केवळ ऑनलाइन सूचना द्यावयाची असते. त्याहून अधिक असल्यास नोंदणी करावी लागते.

ऑनलाइन दस्त करताना पुढील दक्षता घ्यावी :

1. संकेतस्थळाच्या नावाच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे काय, ते पाहावे. शासकीय नावांशी साधर्म्य असलेली खाजगी संकेतस्थळे फुकट कामाचेही पैसे घेतात.

2. नमुन्यात महाराष्ट्राच्या कायद्याचा उल्लेख आहे काय, हे वाचून पाहावे.

3. शुल्काचा चालू दर विभागाच्या संकेतस्थळावर पाहून मगच सही करावी.

4. भांडवल, नफ्याची वाटणी व भागीदार निवृत्त झाल्यास काय करावयाचे, या बाबी रिकाम्या ठेवू नयेत.

5. पावती व दस्ताची छापील प्रत प्रत्येक भागीदाराने स्वतःजवळ ठेवावी.

ज्यांना संगणक अवगत नाही त्यांनी आपले सरकार सेवा केंद्राची मदत घ्यावी. मात्र मजकूर वाचून घेतल्यावाचून अंगठा देऊ नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दस्त स्वतः लिहून देण्यापेक्षा वरील बाबी तपासून पाहण्यास शेतकऱ्यांना शिकवावे आणि मोठ्या रकमेच्या व्यवहारात वकिलाचा सल्ला घेण्यास सांगावे. बियाणे पारखून घेणाऱ्या शेतकऱ्याने कागदही तसाच पारखून घ्यावा, म्हणजे भागीदारीतील कष्टाचा पैसा सुरक्षित राहील.