जेसीबी येतो तेव्हा उशीर झालेला असतो: गोव्यातली गावं मोठ्या गृहप्रकल्पांशी का भांडतात?

(आपल्या पॉडकास्टच्या भागाचं हे लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर बसमध्ये वाचून टाका.)

आजचा विषय गोवा आहे, पण बीच नाही. माझ्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी एक जाहिरात फिरते: 'गोव्यात सेकंड होम, स्विमिंग पूलसह'. दुसरीकडे बातम्यांमध्ये त्याच गोव्यातल्या गावकऱ्यांचे मोर्चे दिसतात. २०२४ मध्ये सांकवाळ गावात एका मोठ्या प्रकल्पावरून असंच आंदोलन पेटलं होतं. ही लोकं विकासाच्या आड येतात, असं आपण पटकन म्हणून टाकतो. पण भांडण नेमकं कशावरून आहे?

आधी साधा हिशोब करू. समजा, चारेकशे घरांच्या गावात ३०० फ्लॅट येणार आहेत. एका फ्लॅटमध्ये ४ माणसं आणि माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरा (शहरासाठी साधारण हाच आकडा धरतात). झाले दिवसाला १ लाख ६२ हजार लिटर. म्हणजे १० हजार लिटरचे १६ टँकर, रोज. पूल आणि बागेचं पाणी वेगळंच. शिवाय सांडपाणी, कचरा, गाड्या. गावातला रस्ता मात्र तोच, समोरून बस आली की स्कूटर गटाराला टेकवावी लागते तो. गावकऱ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो: पाणी आणणार कुठून?

आता परवानग्या कशा मिळतात ते बघू. गोव्यात प्रादेशिक आराखडा असतो. म्हणजे अख्ख्या राज्याचा रंगीत नकाशा: इथे वस्ती, इथे शेती, इथे बागायत, इथे हात लावायचा नाही. सध्याचा आराखडा २०२१ या नावाने ओळखला जातो. जमीन वस्तीच्या रंगात असेल तर नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी मिळते. जमीन बिगरशेती करण्याची सनद जिल्हाधिकारी कार्यालयातून येते. बांधकाम २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरीही लागते. आणि बांधकाम परवाना देते ती पंचायत.

म्हणजे शेवटी पंचायतीच्या हातात आहे ना सगळं? दिसतं तसं. पण पंचायतीने नकार दिला किंवा मुदतीत निर्णयच घेतला नाही, तर बिल्डर वर अपिलात जाऊ शकतो. तिथे विचारतात, 'बाकीची कागदपत्रं पूर्ण आहेत, मग नाही का म्हणता?' आम्ही कोड लिहिणारे रोज हे बघतो. स्क्रीनवर बटण दिसतं, पण निर्णय कुठल्यातरी सेटिंगच्या फाईलमध्ये आधीच झालेला असतो. इथे ती फाईल म्हणजे नकाशाचा रंग.

म्हणून खरी लढाई रंगाची आहे आणि गोव्याने ती एकदा जिंकलीये. ऑगस्ट २००६ मध्ये 'प्रादेशिक आराखडा २०११' अधिसूचित झाला. शेती, डोंगर, किनारा अशा जमिनी मोठ्या प्रमाणावर बांधकामाला खुल्या होतायत हे लक्षात आल्यावर 'गोवा बचाव अभियान' उभं राहिलं, लोक रस्त्यावर आले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. पुढच्या आराखड्याच्या कृती दलात चार्ल्स कोरिया होते. त्या वेळी नकाशे गावोगावी पाठवून लोकांच्या सूचना मागवल्या गेल्या.

मग रंग बदलायची दुसरी वाट निघाली. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आलं. आराखड्यात 'अनवधानाने राहिलेल्या चुका' दुरुस्त करायच्या, असं कारण दिलं गेलं. जमीनमालकाने अर्ज करायचा आणि तेवढ्याच प्लॉटचा रंग बदलून घ्यायचा. गावाला आधी विचारायची गरज नाही. असे लाखो चौरस मीटर बदलले गेले. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाखालचे नियम रद्द केले आणि कलमाचा अर्थही आवळून धरला. त्याआधीच, २०२४ मध्ये, कलम ३९अ आलं होतं. यात रंग बदलण्याआधी सूचना-हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. याही कलमाला न्यायालयात आव्हान दिलं गेलं.

हे ३० दिवस लक्षात ठेवा. सूचना राजपत्रात येते, तीही सर्व्हे नंबरांच्या यादीत. गावातलं कोण राजपत्र वाचतं? डोंगरावर जेसीबी चढतो, झाडं पडतात, तेव्हा ग्रामसभा पेटते. तोवर कागदावर बरंच काही संपलेलं असतं.

आता दुसरी बाजू. विरोध करणारे सगळे बरोबरच असतात असं नाही. काही भाषणांत 'भायले', म्हणजे बाहेरचे, हा शब्द फार कडवट येतो, आणि त्याचा राग भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुरावर निघतो. जमीन विकणाराही बऱ्याचदा गावातलाच असतो. आणि घरं तर हवीतच: लग्न झालेल्या गोंयकार पोरांनाही स्वतःच्या गावात फ्लॅट परवडत नाही. पण २०११ च्या जनगणनेत गोव्यातलं साधारण पाचातलं एक घर रिकामं होतं, हेही खरं. वर्षातून दोन आठवडे उघडणाऱ्या फ्लॅटने त्या पोरांचा प्रश्न कसा सुटणार? त्यामुळे मला वाटतं, 'घरं हवीत की नकोत' हा वादच चुकीचा आहे. कोणासाठी, किती, आणि गावाला कधी विचारलं, हे बघायला हवं.

तुम्ही गावात राहत असाल तर तीन गोष्टी करा. एक, आपल्या वाड्याच्या आसपासचे सर्व्हे नंबर फोनमध्ये लिहून ठेवा. गोव्यात फॉर्म एक-चौदा, म्हणजे आपल्या सातबाऱ्याचा भाऊ, ऑनलाइन दिसतो. दोन, राजपत्र ऑनलाइन येतं, फुकट आहे. पाच जणांनी पाळी लावा, नंबर शोधा. तीन, हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. घोषणा हवेत विरतात, शिक्का असलेला कागद कोर्टात उपयोगी पडतो.

आणि तुम्ही फ्लॅट घेणारे असाल तर रेरा नंबरवर थांबू नका. या जमिनीचा रंग आधी कोणता होता, कुठल्या कलमाखाली बदलला आणि कधी, हे बिल्डरला विचारा. उद्या तो बदल कोर्टात टिकला नाही, तर कर्जाचा हप्ता तुमचाच चालू राहणार आहे.

तुमच्या गावात असं काही चालू असेल तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!