बोल्ट किती आवळायचा?

ऑगस्ट 2019 मध्ये साताऱ्याच्या घाटमाथ्यावर पाऊस कोसळला आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले. पूर ओसरल्यावर बुडालेल्या मोटारींची आसने काढून गाळ धुवावा लागला. आसनांबरोबर अनेकदा सुरक्षा-पट्ट्याचे बोल्टही निघतात. काढणे सोपे, प्रश्न येतो परत बसवताना.

पट्ट्यावर ओढ किती येते? ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 14 मीटर. या वेगातला 60 किलोचा माणूस अर्ध्या मीटरात थांबला, तर सरासरी बल जवळजवळ 12,000 न्यूटन, त्याच्या वजनाच्या वीसपट! (गतिज ऊर्जा भागिले अंतर; मुलांना करू द्यावे.) ही ओढ पेलतात दोन-तीन बोल्ट.

आवळलेला बोल्ट ही एक ताठ स्प्रिंग असते. तो किंचित ताणला जातो, म्हणून भाग घट्ट दाबून राहतात. ताण कमी पडला तर हादऱ्यांनी तो सैलावतो; फार झाला तर कायमचा लांबतो किंवा आटे जातात. पण पान्याला ताण कळत नाही, फक्त पीळ कळतो. आपल्या जोरापैकी साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात आणि चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात जातो. ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा.

पट्ट्याचा बोल्ट बहुधा 7/16 इंची, म्हणजे 11 मिलिमीटर जाडीचा असतो. मेट्रिक मापाच्या गाड्यांतही हे इंची माप टिकून आहे! त्याला 40 न्यूटन-मीटर पीळ दिला, तर कोरड्या आट्यांवर सुमारे 18,000 न्यूटन ताण येतो. तेल लावले तर तेवढ्याच पिळात 24,000 पर्यंत. गाळ-गंज असेल तर उलटे: टॉर्क-पाना 40 दाखवतो, ताण मात्र अपुरा. म्हणून आटे ब्रशने साफ करावेत, मनाने तेल घालू नये. आकडा त्या गाडीच्या पुस्तकातलाच घ्यावा. काही बोल्टांच्या आट्यांना कारखान्यातच चिकटद्रव्य लावलेले असते. ते काढले की नवेच घालायचे.

वर्गात 20 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला ताणकाटा अडकवून काटकोनात ओढा. 20 किलो ओढ म्हणजे सुमारे 40 न्यूटन-मीटर. पान्यात पाइप घालून लांबी दुप्पट केली, तर 10 किलोच पुरतात. आपल्याकडच्या या लाडक्या युक्तीने किती बोल्ट तुटले असतील!

एअरबॅगचे नियंत्रक खोके बहुधा पुढच्या दोन आसनांमध्ये, तळाच्या पत्र्याला बोल्टने जखडलेले असते. धडक झाली हे त्याला पत्र्याच्या हादऱ्यातून कळते आणि निर्णय सेकंदाच्या काही शतांशात होतो. खोके सैल असेल तर हादरा विकृत होऊन पोचतो. पुरात बुडालेले खोके वाळवून वापरत नाहीत, बदलतात. आणि त्याला हात लावण्यापूर्वी बॅटरीची तार काढून काही मिनिटे थांबतात, कारण आतल्या संधारित्रात फुगा उडवण्यापुरती वीज शिल्लक असते.