साचले, तुंबले की शिरले?

‘पावसाळ्यात अंधेरीच्या सब-वेमध्ये खूप पाणी झाले.’ हे वाक्य चुकीचे नाही. पण त्यावरून नेमके काय घडले ते कळत नाही. पाणी साचले, तुंबले की शिरले? सखल जागी गोळा होते ते साचते. वाहून जाण्याची वाट अडली म्हणजे तुंबते. बाहेरून आत येते तेव्हा शिरते. या तीन शब्दांत तीन वेगळ्या घटना आहेत. म्हणून नेमका शब्द निवडणे हा निरीक्षणाचाच एक भाग होय.

असे शब्द शोधायचे कुठे? साध्या शब्दकोशात आपण शब्दावरून अर्थाकडे जातो. पर्यायकोशात अर्थावरून शब्दाकडे. अमरसिंहाच्या संस्कृत अमरकोशाची मांडणी अशीच विषयवार आहे. त्यातील वारिवर्गात पाण्याची कितीतरी नावे एकत्र सापडतात. इंग्रजीत पीटर मार्क रॉजे या डॉक्टरांनी १८५२ साली विषयवार कोश प्रसिद्ध केला.

हे काम आता संगणकही करतो. प्रिन्स्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या मार्गदर्शनाखाली १९८५ साली इंग्रजी ‘वर्डनेट’चे काम सुरू झाले. त्याच धर्तीवर मराठीचे ‘शब्दबंध’ आपल्या उपनगरात, पवईच्या आयआयटीत, तयार झाले. त्याची रचना समजून घेऊ. एका अर्थाचे सर्व शब्द एका संचात ठेवतात. संचासोबत अर्थाची व्याख्या आणि उदाहरणाचे वाक्य असते. शब्दाचे अर्थ दोन असतील तर तो दोन संचांत जातो. जसे, ‘कर’ म्हणजे हात आणि ‘कर’ म्हणजे सरकारला द्यायचा पैसा. शिवाय संच एकमेकांशी जोडलेले असतात : आंबा हा झाडाचा प्रकार, तर फांदी हा झाडाचा भाग.

मात्र संचातला कोणताही शब्द डोळे मिटून उचलू नये. डोळ्यांत पाणी येते, जल येत नाही. उलट, धरणावर जलविद्युत तयार होते, पाणीविद्युत नव्हे.

विज्ञानात तर याहून जपावे लागते. रोजच्या बोलण्यात जोर, बल, शक्ती, ऊर्जा हे शब्द जवळपास सारखे वाटतात. पण भौतिकशास्त्रात बल न्यूटनमध्ये, ऊर्जा ज्यूलमध्ये आणि शक्ती वॅटमध्ये मोजतात. तोच शब्द पुन्हा नको म्हणून ‘बल’च्या जागी ‘शक्ती’ लिहिलेत, तर उत्तरच चुकेल! वेग आणि चाल यांचेही तसेच. तेव्हा पारिभाषिक शब्द दहादा आला तरी तो बदलू नका.

करून पाहा : आपल्याच एखाद्या निबंधातील ‘चांगले’, ‘मोठे’, ‘झाले’ असे मोघम शब्द अधोरेखित करा. त्यांचे पर्याय शोधा, प्रत्येकाची व्याख्या व उदाहरण वाचा, शब्द वाक्यात घालून मोठ्याने म्हणा. तुम्ही पाहिलेली गोष्ट अधिक स्पष्ट झाली, तरच तो ठेवा.

आणि जाता जाता एक प्रश्न : चहात साखर वितळते की विरघळते? कारणासह उत्तर लिहा.